एक नगर परिषद, दोन कैफियती

अचलपूर हे अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव आहे. अमरावतीहून ते सुमारे ५० किलोमीटरवर पडते. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव एलिचपूर. गावातून बिच्छन नदी वाहते. तिथून तीन किलोमीटरवर, सापन नदीच्या काठी, परतवाडा आहे. दोन्ही वस्त्या मिळून नगर परिषद एकच आणि २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या एक लाखावर. बोलण्यात मात्र ही दोन गावे आहेत. इंग्रजपूर्व वऱ्हाडाच्या राजधानीचा विषय निघाला की अचलपूरचे नाव येते. एसटीचा आगार, लाकडाचा डेपो आणि चिखलदऱ्याचा रस्ता परतवाड्याच्या नावावर जमा होतो.

या जोडगावाची खरी ओळख कोणती, याविषयी तिथे दोन मते आहेत. खालील संवादात ती दोघांच्या तोंडी घातली आहेत. गुरुजी अचलपूरच्या जुन्या वस्तीतले, शाळेत इतिहास शिकवणारे. भाऊ परतवाड्यातले, लाकूड आणि संत्र्याचे व्यापारी. दोघेही नमुन्याची माणसे आहेत, कोणी एक व्यक्ती नव्हेत.

गुरुजी : गावाचं वय काढायचं तर पहिला भक्कम पुरावा ताम्रपटाचा. विदर्भाच्या राष्ट्रकूट घराण्यातल्या नन्नराजाचा तिवरखेडचा ताम्रपट शके ५५३ चा, म्हणजे इसवी सन ६३१ चा, आणि तो अचलपुराहून दिलेला आहे. मान्यखेटचं बलाढ्य राष्ट्रकूट राज्य त्याच्याही नंतरचं. पुढे दहाव्या शतकात हरिषेण नावाचा जैन कवी चितोडहून इथे आला आणि त्यानं ‘धम्मपरिक्खा’ हा अपभ्रंश ग्रंथ इथे रचला. महानुभावांच्या वाङ्मयात हेच गाव अळजपूर म्हणून येतं. रिद्धपूर इथून दूर नाही, हे ध्यानात घ्या. अमरावतीची पेठ तेव्हा कुठे होती?

भाऊ : ताम्रपट खरा, गुरुजी. पन गावातल्या मानसाले इचारा. तो ताम्रपट नाही सांगत, तो इल राजाची गोष्ट सांगते.

भाऊंचा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही. दंतकथेप्रमाणे इल नावाच्या जैन राजाने अकराव्या शतकाच्या मध्यावर हे गाव वसवले. गझनीच्या महमूदाचा नातलग मानला जाणारा अब्दुल रहमान ऐन लग्नातून उठून त्याच्याशी लढायला आला आणि दोघेही मारले गेले. म्हणूनच त्याला दुल्हा रहमान म्हणतात. त्याचा दर्गा आजही गावात आहे आणि उरुसाला सर्व जातिधर्मांचे लोक जमतात. या लढाईला समकालीन पुरावा नाही. ताम्रपट तर दंतकथेच्या सालाहून चार शतके जुना आहे, तेव्हा इलाने गाव वसवल्याची गोष्ट टिकत नाही. एलिचपूर हे नाव इल राजावरून आले, हेही तितकेच कच्चे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात अचलपूर या शब्दातल्या च आणि ल यांची अदलाबदल होते, असा स्वतंत्र नियमच दिलेला आहे. लोकांच्या तोंडी अलचपूर आधीपासूनच होते. राजा बहुधा नावावरून तयार झाला असावा.

मध्ययुगात गावाला जे वैभव आले त्यावर दोघांचे दुमत नाही. ते कशामुळे आले, यावर आहे.

गुरुजी : १२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून गेला तो एलिचपुरावरून. तहात यादवांकडून त्यानं एलिचपूरचा वसूल मागून घेतला. बहमनी राज्याचे चार तरफ, म्हणजे प्रांत, झाले तेव्हा त्यातला एक वऱ्हाड. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० मध्ये फतहउल्ला इमादउल्मुल्क इथला स्वतंत्र सुलतान झाला. मूळचा तो कन्नड मुलखातला हिंदू. विजयनगराशी झालेल्या लढाईत लहानपणी पकडला गेला आणि पुढे एका राज्याचा धनी झाला. इमादशाही १५७४ पर्यंत टिकली आणि अहमदनगरच्या निजामशाहीनं ती बुडवली. विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर, बीदर यांच्या पंगतीत बसणारं गाव आहे हे. अमरावतीच्या बाजारात उभं राहून लोक वऱ्हाडचा इतिहास सांगतात तेव्हा राग येतो तो याच्यामुळे.

भाऊ : राग सोडा. मले एक सांगा, खलजी इथूनच कायले उतरला? पुढच्या सुलतानाईले हेच गाव कायले सापडलं? कारन वर गाविलगड आहे. डोंगर संपते आनि काळी जमीन सुरू होते तिथं हे गाव आहे. वरचा माल खाली येते, खालचा दाना वर जाते. नाका ज्याच्या हातात, राज्य त्याचं. राजधानी हे त्याच्यावर चढलेलं सोंग आहे, गुरुजी.

गाविलगडाविषयी भाऊ चूक नाहीत. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहा वलीने तो बांधून काढला आणि फतहउल्लाने त्याची डागडुजी केली. एलिचपूर हे कारभाराचे आणि दरबाराचे ठिकाण होते, तर लष्करी भिस्त त्या किल्ल्यावर होती. गावाबाहेर हौदाच्या मधोमध उभी असलेली हौज कटोरा ही अष्टकोनी वास्तू त्या काळातल्या ऐषआरामाची खूण आहे. लढायची वेळ आली की मात्र दरबार डोंगर चढे.

१५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. शाहजादा मुराद याने अकोल्याच्या बाजूला, बाळापूरजवळ शहापूर वसवले आणि मोगलांचा तळ तिथे पडला. एलिचपूर सुभ्याचे ठाणे राहिले, पण सत्तेचा केंद्रबिंदू त्याच्याजवळून सरकला. अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची वऱ्हाडात दोअमली होती, म्हणजे एकाच रयतेकडून दोन धनी वसूल घेत. एलिचपुरात निजामाचा सुभेदार असे. शतकाच्या उत्तरार्धात हे पद पन्नी पठाण घराण्यात गेले. इस्माईलखान, मग सलाबतखान, मग नामदारखान असे नवाब होऊन गेले. बिलनपुरा, सुलतानपुरा, सरमसपुरा अशा पुऱ्यांनी बनलेले तटबंदीचे शहर प्रामुख्याने याच काळातले. दुल्हा दरवाजा हा त्या तटाचा सर्वांना माहीत असलेला अवशेष.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाने या गावाचे नशीब फिरवले आणि परतवाड्याचा पाया अप्रत्यक्षपणे तिथेच घातला गेला. आर्थर वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ ला असई जिंकली आणि २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेस अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. अडगावच्या जखमींसाठी इस्पितळ एलिचपुरात उघडले गेले. तिथून इंग्रज फौजा गाविलगडाकडे निघाल्या. स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगरातून ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या, कारण दक्षिणेची चढण तोफांना साधण्यासारखी नव्हती. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांचे वऱ्हाडातले हक्क गेले.

गुरुजी : इथे भाऊंच्या गावाचा जन्म होतो. नवाबाच्या फौजेतून एलिचपूर ब्रिगेड उभी राहिली आणि ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निजामाच्या पगारी फौजेत गेली. त्या फौजेलाच पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. ब्रिगेडची छावणी गावाबाहेर पडली, ती परतवाडा. थोडक्यात काय, परतवाडा ही अचलपूरच्या पोटातून निघालेली वस्ती आहे.

भाऊ : निघाली असन. पोरगं मोठं झालं की बापाचं घर त्याच्या नावावर कोन सांगते?

छावणीचे गाव वेगळ्याच शिस्तीने वाढते. नागपूरशेजारी कामठी, हैदराबादशेजारी सिकंदराबाद, तसाच परतवाडा. सरळ रस्ते, सदर बाजार, शिपायांना आणि साहेबांना लागणारा माल पुरवणारे व्यापारी. त्यात मारवाडी, गुजराती, उत्तर हिंदुस्थानी आणि तेलंग, असे जिकडून पलटण आली तिकडचे लोक होते. उन्हाळ्यात साहेब वर चिखलदऱ्याला जात. त्या थंड हवेच्या जागेचा शोध १८२३ मध्ये याच फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने लावला असे सांगतात. गवळी आणि कोरकू तिथे आधीपासूनच राहत होते, हे अशा शोधांच्या गोष्टीत सहसा सांगितले जात नाही.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६७ मध्ये एलिचपूर स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. पुढे दोन वर्षांनी नगरपालिका आली. कागदावर गावाचा मान वाढत होता आणि त्याच वेळी व्यापार खाली सरकत होता. मुंबई-नागपूर रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी दक्षिणेकडून गेली. कापसाच्या गाड्या स्टेशनाकडे वळल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्या पैशाने अमरावती व अकोल्याच्या पेठा फुगल्या.

गुरुजी : रेल्वेनं आमचं गाव मारलं. गाडी पन्नास किलोमीटर लांबून गेली आणि हजार वर्षांचं शहर आडरानात पडलं.

भाऊ : मंग मुघलाईत कोनती रेल्वे होती? तवाच बाळापूर पुढं गेलं होतं ना? तुमचं दुखनं जुनं आहे. रेल्वेनं फक्त नाडी पाहिली.

या वादात भाऊंकडे झुकावे लागते. अमरावतीचा कापूस व्यापार रेल्वेआधीच जोर धरू लागला होता, आणि सत्तेच्या आश्रयाने वाढलेल्या शहराला सत्ता हलली की हादरा बसतो हे एलिचपूरने त्याआधी दोनदा अनुभवले होते. उरलेला आधार १९०२ ते १९०५ या तीन वर्षांत गेला. कर्झनने निजामाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. हैदराबाद कंटिन्जंट हिंदुस्थानी सैन्यात मिसळली आणि तिच्या छावण्या उठल्या, त्यांत परतवाडाही होता. मग १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत घातला गेला. एका गावाचे कलेक्टर कचेरीचे स्थान गेले, दुसऱ्याची पलटण गेली.

इथून पुढची गोष्ट गुरुजी भराभर सांगून संपवू पाहतात, आणि भाऊंना मात्र तिथेच थांबायचे असते.

भाऊ : पलटन गेली तवा परतवाडा मरायले पाह्यजे होता. नाही मेला. कारन जंगल कुठंच नोयतं गेलं. मेळघाटचा साग इथं उतरते. डेपोत थप्प्या लागतात, लिलाव होते, सागवान येगळं, आडजात येगळं. लांबलांबचे व्यापारी यिऊन बोली लावतात. धारनी, सेमाडोह, चिखलदरा, कुठंबी जा, परतवाड्यावरूनच जा लागते. कोरकू मानूस बाजाराले इथंच येते. मीठ, कपडा, चांदी, औषध, सगळं इथून.

मेळघाटातल्या जंगलांचे राखीव क्षेत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरले आणि वनखात्याचा कारभार परतवाड्याला बांधला गेला. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. तोडीवर निर्बंध आले, लाकडाचा धंदा आटला. त्याची जागा काही प्रमाणात पर्यटनाने घेतली, पण लिलावात ज्यांचे पोट होते त्या हमाल, गाडीवान आणि आरागिरणीवाल्यांना पर्यटक पुरत नाहीत. कोरकूंचा तर या सगळ्यात सर्वांत कमी विचार झाला. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे छोटा नागपूरच्या संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. परतवाड्याच्या बाजारात ती रोज ऐकू येते. शहराच्या ओळखीचे वर्णन करताना मात्र दोन्ही बाजू तिला विसरतात. या संवादातले भाऊही कोरकूंना गिऱ्हाईक म्हणूनच ओळखतात.

संत्र्याचे तसे नाही. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड हा डोंगराच्या कडेचा पट्टा संत्र्याचा. दक्षिणेकडे पूर्णेच्या काठचे खारपाण इथवर पोचत नाही, त्यामुळे विहिरीचे पाणी गोडे आहे. आंबिया आणि मृग असे दोन बहार येतात. बगीचा फळ झाडावर असतानाच व्यापारी उक्ता घेतात, तोडणी त्यांची, भरणा त्यांचा. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले की इथल्या मंडीत भाव कोसळतो. बहमनी काळात डोंगरवाटेवर जो धंदा होता त्याचाच हा आजचा प्रकार आहे, असे भाऊ म्हणतात. ते जरा ताणून म्हणतात. बगीचा डोंगरामुळे नव्हे, विहीर आणि पंपामुळे उभा राहिला आहे, आणि पाण्याची पातळी खाली चालली आहे.

गुरुजी : आणि शकुंतला? ती तरी तुमच्या परतवाड्याची नव्हती. स्टेशन अचलपूरचं.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याशी संबंधित सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने कापूस वाहण्यासाठी ती टाकली आणि १९१३ मध्ये अचलपूरपर्यंत आणली. मूर्तिजापूरहून दुसरी शाखा यवतमाळला जात होती. स्वातंत्र्यानंतरही मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि भारतीय रेल्वे त्यावरून गाड्या चालवी, ही देशातली एक विलक्षण व्यवस्था होती. मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. नंतर डिझेल आले. गाडी इतकी सावकाश चालायची की पायी माणूस चढायचा, असे लोक कौतुकाने सांगतात. पण मजूर, शेतकरी आणि कोर्टकचेरीला जाणारे लोक तिच्यात बसत कारण तिकीट स्वस्त होते, कौतुक म्हणून नव्हे. २०१६ च्या सुमारास अचलपूरची गाडी थांबली. ब्रॉडगेजच्या घोषणा नंतर पुष्कळ झाल्या.

भाऊ : गाडी कापसासाठी आली, कापूस ट्रकात गेला, गाडी गेली. याच्यात रडन्यासारखं काय आहे?

गुरुजी : मिलचंही तसंच म्हणाल?

मिलचे तसे भाऊंनाही म्हणवत नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अचलपुरात विदर्भ मिल निघाली. १९७० च्या दशकात ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. नंतर मुंबईच्या फिनले मिलचे नाव घेऊन महामंडळाने इथे नवी मिल उभारली. कापूस पिकतो तिथेच सूत निघावे, ही वऱ्हाडची जुनी मागणी त्यातून थोडी पुरी झाली. २०२० च्या टाळेबंदीत तिची यंत्रे थांबली आणि कामगारांना रस्त्यावर उतरून मागण्या कराव्या लागल्या. पाच सुलतान आणि तीन नवाब यांच्या नावांपेक्षा या गावातल्या घरांवर मिलच्या भोंग्याचा परिणाम जास्त झाला आहे. गुरुजींच्या इतिहासाच्या वहीत तिला मात्र दोन ओळी मिळतात, हा त्यांच्या बाजूचा दोष.

आजच्या स्वभावाबद्दलही दोन्ही बाजू भांडतात.

भाऊ : अचलपूर म्हंजे सकाळी उशिरा उठनारं गाव. ओट्यावर बसते, नवाबाच्या गोष्टी करते.

गुरुजी : ओट्यावर बसायला शेजार असावा लागतो. परतवाड्यात दुकानं आहेत, ओटे कुठे आहेत?

अचलपूरच्या पुऱ्यांमध्ये वऱ्हाडी मराठी आणि दख्खनी वळणाची उर्दू शेजारी नांदतात. एकाच गल्लीत वाडा, मशीद आणि जैन मंदिर दिसते. परतवाड्यात बाजारी हिंदी अधिक. गोडवा आहे तसा ताणही आहे. एप्रिल २०२२ मध्ये दुल्हा दरवाज्यावरच्या झेंड्यावरून दोन गटांत तणाव झाला आणि दोन्ही वस्त्यांत संचारबंदी लागली. वारशाच्या वास्तूवर कोणाचा झेंडा, यावर भांडायला माणसे जमतात. तिच्या निखळणाऱ्या दगडांसाठी जमत नाहीत. या एका बाबतीत गुरुजींचा संताप पूर्णपणे रास्त आहे.

भाऊंनी मांडलेला पायथ्याचा मुद्दा इतिहासाच्या अंगाने अधिक बळकट ठरतो. सत्ता, पलटण, जिल्हा, रेल्वे, मिल हे सगळे या गावात बाहेरून आले आणि बाहेरच्या निर्णयानेच गेले. डोंगर आणि काळ्या जमिनीची शीव तेवढी राहिली. पण ती शीव चौदाशे वर्षांपूर्वी होती तशीच अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंत सगळ्या सातपुड्याच्या कडेला होती, आणि राजधानी मात्र एकाच गावात झाली. ती का, याचे उत्तर भाऊंच्या हिशेबात बसत नाही. ते ताम्रपटात आणि गाविलगडाच्या तटातच शोधावे लागते.

स्वतंत्र अचलपूर जिल्ह्याची मागणी अनेक वर्षांची आहे. १९०५ ला गेलेले परत द्या, असे गुरुजी म्हणतात. धारणीच्या माणसाला कलेक्टर कचेरी जवळ पडावी, असे भाऊ म्हणतात. यातले दुसरे कारण अधिक खरे आहे, कारण धारणीहून अमरावतीला जायचे तर आधी सगळा मेळघाट ओलांडून परतवाड्याला उतरावे लागते आणि तिथून पुढे आणखी ५० किलोमीटर राहतात.

चिखलदऱ्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या परतवाड्यातूनच घाटाकडे वळतात. वाचकांनी तिथे उलट्या दिशेने तीन किलोमीटर जावे. दुल्हा दरवाजा, पुऱ्यांमधले वाडे आणि हौज कटोरा पाहायला अर्धा दिवस पुरतो.